अयोध्याच्या हृदयाची झडप

अयोध्या लग्न होऊन ईट गावाला आली ती थेट खव्याच्या भट्टीवर. कढईत दूध पडलं की लांब दांड्याचं उलथणं हातात घ्यायचं आणि गोळा होईस्तोवर हलवत राहायचं. हात थांबला की दूध तळाला धरतं आणि करपट वास सगळ्या खव्याला लागतो. भट्टी नवऱ्याच्या, योगीराजच्या नावावर. पण व्यापारी यायचे ते अयोध्याच्या हातच्या खव्यासाठी. सासू द्वारकाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या ते कधी तोंडातून काढत नसत.

चाळिशी उलटली आणि तिला दम लागायला लागला. आधी घागर उचलताना, मग नुसतं बोलताना. शेवटी आडवं पडलं तरी श्वास पुरेना. घरच्यांनी धुरावर खापर फोडलं. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तपासण्या केल्या आणि आपली मूठ तिच्यासमोर धरली.

"हृदय एवढंसं असतं. उजवी बाजू अंगभर फिरून आलेलं रक्त फुफ्फुसांत ढकलते. तिथं हवा घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि डावी बाजू ते पुन्हा अंगभर धाडते. वाटेत झडपा असतात, दारासारख्या, एकाच बाजूला उघडणाऱ्या. तुमची एक झडप आखडलीय. पुढं जायचं रक्त मागं फुफ्फुसांत तुंबतंय. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते का? त्या आजारानं पुढं झडप खराब होते."

सुजले होते. आईनं हळद लावली होती आणि पोर हिंडायला लागल्यावर सगळे विसरून गेले होते.

सोलापुरात ऑपरेशन झालं. हृदय थांबवून रक्त यंत्रानं फिरवलं, धातूची झडप बसवली आणि हृदय पुन्हा चालू केलं. घरी सोडताना रक्त पातळ ठेवायची रोजची गोळी दिली, रक्ताची गुठळी होऊन झडप अडकू नये म्हणून.

इथंच द्वारकाबाईंचं डोकं फिरलं.

"आधीच पोरगी पांढरीफटक पडलीय, अन् हे अजून रक्त पातळ करायला निघालेत! दाट व्हाया पायजे रक्त."

गावातली जी बाई भेटायला यायची ती पदराखाली पालक नाहीतर मेथीची जुडी घेऊनच. आल्या आल्या अयोध्याच्या छातीला कान लावायची, धातूच्या झडपेची टिकटिक ऐकून 'अगं बया' म्हणायची आणि जुडी सासूच्या हवाली करायची. दोन्ही वेळा ताटात पाल्याचा ढीग. अयोध्या पहिल्यापासून सासूनं वाढलेलं मुकाट्यानं खाणारी, आताही तेच केलं. बाजेवरून उठू मात्र कुणी द्यायचं नाही. भट्टीवर धाकटी जाऊ समृद्धी गेली. योगीराज म्हणाला, "आता तू नुसतं बसून राहायचं. भट्टीचं नाव काढू नको." हे तो मायेनं म्हणाला, आणि तिला तेच जास्त लागलं.

धाराशिवला रक्त तपासलं तर गोळीचा असर जवळजवळ दिसेचना.

"गोळी चुकवता?"

"न्हाय हो बाई."

"मग खाता काय?"

तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पालेभाजीनं गोळीचा जोर उतरतो, खायची तर थोडी आणि रोज सारखीच, असं सांगून त्यांनी गोळी वाढवली. "गुठळी झाली असती तर झडप जागच्या जागी अडकली असती."

"अन् काम?"

"हळूहळू सुरू करा. दम लागला की थांबायचं."

परतताना एसटीत अयोध्याला आधी भीती वाटली. येडशी मागं पडेपर्यंत भीतीचा राग झाला होता. सासूवर थोडा; पुढ्यात आलेलं ताट गुमान खाणाऱ्या स्वतःवर जास्त.

रात्रीच्या जेवणाला तिनं पाल्याची वाटी बाजूला सारली.

"आत्याबाई, एवढी न्हाय खायची."

"धाराशिवला जाऊन लई शानी झालीस व्हय? रक्त कशानं वाढंल?"

"रक्त कमी नव्हतंच माझं. दार बिघडलं हुतं, वाटंत तुंबत हुतं. तुमी दाट करून पुन्यांदा तुंबवायलाव."

द्वारकाबाई उठून आत गेल्या. त्या घरात सुनेनं वाटी सारल्याची ही पहिलीच वेळ.

सकाळी अयोध्या पदर खोचून भट्टीवर गेली. समृद्धीचे डोळे धुरानं लाल झाले होते. "घ्या ताई, माझे दंड गळाले," म्हणून तिनं उलथणं पुढं केलं. तेवढ्यात योगीराज मधे आला आणि दारात द्वारकाबाई.

"हृदयावर ताण येईल," योगीराज म्हणाला.

"हृदयाला ताण ठावा न्हाय व्हय? आईच्या पोटात हुते तवापासनं ते ढकलायलंय. दार नीट न्हवतं तरी ढकलत हुतं. आता दार नवं बसलं, अन् मी खाटंवर बसू?"

"अन् मेलीस तर?" सासूचा आवाज फाटला. "आमाला गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का?"

"मेले तर मेले. पडून ऱ्हायला एवढी छाती फाडून घेतली न्हाय म्या."

कढईत दूध वर येऊ लागलं होतं. तिनं योगीराजला कोपरानं बाजूला केलं आणि उलथणं घातलं.

दूध आटून रबडीसारखं झालं तेव्हा ती धापा टाकायला लागली. योगीराज पुढं सरसावला. "बघ, सांगत हुतो की न्हाय!"

"धर गं," तिनं उलथणं समृद्धीच्या हातात दिलं आणि पाटावर टेकली. "अहो, थांबायचं कवा ते माजं मी बघते. तुमी जाळ कमी करा."

योगीराजनं एक लाकूड बाहेर ओढलं. द्वारकाबाई दारातून हलल्या नाहीत, पण आत चल असंही म्हणाल्या नाहीत.

श्वास खाली बसला तशी अयोध्या उठली आणि तिनं समृद्धीपुढं हात केला.

"आण इकडं. कडंनं धरायलंय."