उकळणारा दगड

आईने फिजिओची अपॉइंटमेंट परस्पर कॅन्सल केली, कारण शेजारच्या काकूंनी तिला एक दगड दिला होता. गुलाबी, पाकळ्यापाकळ्यांचा. उशाशी ठेवला की दुखरा गुडघा हरणासारखा पळेल म्हणे. काकू मूळच्या नागपूरच्या, इथे परदेशात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात. त्यांनी असं बोलावं?

मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिते. दिवसभर घरमालकांशी भांडून आमच्या मिल्टन गावात परत यावं, तर घरात हे. दगडाच्या खोक्यावर लिहिलं होतं : झिओलाइट, पुणे. म्हणजे आमच्याकडे खाणीत ज्याची खडी होते, तो विमानात बसून आला आणि इथे वैद्य झाला. आईला व्हिसासाठी किती खेटे घालावे लागले होते. याला कुणी काही विचारलं नाही.

"आई, झिओलाइट हा शब्द ग्रीकवरून आलाय. उकळणारा दगड. स्वीडनच्या एका शास्त्रज्ञाने असा दगड ज्योतीत धरला, तर तो फसफसून फुगला. आतल्या पाण्याची वाफ झाली म्हणून. त्यावरून नाव पडलं. संपली त्याची शक्ती."

"दगडात कुठलं आलंय पाणी?"

"दाखवते."

काकूंनाही बोलावलं. गॅरेजचं दार उघडं ठेवून दगडाचा एक टवका चिमट्यात धरला आणि पुडिंगवरची साखर जाळायचा गॅसचा टॉर्च लावला. टवका पांढरा पडून फुलला.

"अगंबाई, कुरडई," काकू म्हणाल्या.

"पाहिलंत? पाणी. चमत्कार नाही. बेताने तापवला, तर निवल्यावर हवेतलं पाणी परत ओढून घेतो, एवढंच."

इथे थांबायला हवं होतं.

"ओढून घेतो?" आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यात पाणीच तर झालंय."

"मी काय म्हणत होते, ताई?" काकू म्हणाल्या.

मी टॉर्च खाली ठेवला. आई अजून विचारात होती.

"पण आधी तापवावं लागतं ना?"

"दगडाला, आई."

"गुडघ्यालाही लागत असेल. फिजिओकडे शेक देतात ना गं?"

खोडून काढायला चार मुद्दे जिभेवर होते. गिळले.

"देतात."

"मग घे परत अपॉइंटमेंट. दगड पर्समध्ये ठेवते."

फिजिओने शेक दिला, घाम फुटेपर्यंत व्यायामही करून घेतला. परतताना आईने गाडीतूनच काकूंना फोन लावला. "गुण आला हो दगडाचा."

या दगडांवर एक पत्रक लिहून तयार आहे. आईचा फिजिओचा कोर्स संपेपर्यंत मी ते छापणार नाही.