गज बाहेर?

हसनचाचांच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. बंदुकीच्या झिजलेल्या गारगोट्या ते त्यात टाकत. "चाचा, फेकून का नाही देत?" विचारलं की म्हणायचे, "एखादी ठिणगी शिल्लक असंल गो आत." क्लबातले किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. वहिनी म्हणते, एकदा लिहून तरी काढ, म्हणजे आम्हाला जेवू देशील!

तर आमचा क्लब म्हणजे कुवेतमध्ये खैरानच्या रस्त्याला, वाळवंटात जरा आत, पत्र्याची एक लांब शेड आणि एक ऑफिस. हौशी कुवेती मंडळी तिथे ठासणीच्या बंदुका उडवायला यायची. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी बारूद, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग लांब गज नळीत घालून सगळं तळापर्यंत ठासायचं. एक बार काढायला दोन-तीन मिनिटं! मी तिथे रजिस्टर लिहायला होते. गोष्ट दोन हजार चार-पाचची. नाशिकची बीकॉम, खैतानला दादा-वहिनीकडे राहणारी, आणि दाराची बेल वाजली तरी दचकणारी.

हो, दचकणारी मुलगी बंदुकीच्या क्लबात. हसा!

*

इंटरव्ह्यू घेतला तो क्लबाचे मालक, हसनचाचांच्या भाषेत 'अरबाब', अबू फहद यांनी. यांच्या आजोबांची गलबतं मुंबईला खजूर घेऊन जायची, त्यामुळे यांचं हिंदी फर्स्टक्लास. त्यांनी मला टाइपरायटरसमोर बसवलं. दुसरी ओळ टाइप करते न करते तोच बाहेर धडाम!

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते थेट टेबलाखालचं. वरून अबू फहद वाकून बघत होते.

"उधर टाइपिंग अच्छा होता है?"

मी रडवेली होऊन पर्स उचलली. तर म्हणाले, "किधर जाता? कल से आओ. जो डरता है, वो रजिस्टर ठीक लिखता है!"

*

क्लबात दोन पार्ट्या होत्या. जुन्या पार्टीत अबू फहद. त्यांच्याकडे आजोबांची चकमकीची बंदूक, नळीवर चांदीच्या पट्ट्या. नव्या पार्टीत त्यांचा पुतण्या बदर. अमेरिकेत इंजिनिअर होऊन आलेला, आणि बंदूकही तिथलीच मागवलेली. तीही तोंडाकडूनच भरायची, पण बाकी सगळं मॉडर्न. प्लॅस्टिकचा दस्ता, बारुदीच्या तयार वड्या, आगीला गारगोटीऐवजी मागे बंद कप्प्यात एक छोटी टोपी, आणि वर दुर्बीण.

त्या दुर्बिणीला अबू फहद 'चष्मा' म्हणत. "माझ्या आजोबांच्या बंदुकीला दीडशे वर्षांत चष्मा लागला नाही. तुझीला जन्मतःच?"

बदर इंग्लिशमध्ये म्हणायचा, "काका, तुमची बंदूक उडवायची म्हणजे आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते!"

ते मात्र खरं होतं. चाप ओढला की गारगोटी आपटायची, वरची चिमूटभर बारूद फिस्स करून पेटायची, आणि मग, एक श्वास घेऊन, धडाम! बदरची सरळ धडाम.

हसनचाचांनी एकदा मला विचारलं, "तू कुठल्या पार्टीतली गो?"

मी खरं सांगितलं. "तुमच्या बंदुकीला मी दोनदा दचकते. फिस्सला एकदा, धडामला एकदा. बदरच्या बंदुकीला एकदाच. म्हणजे नव्या!"

चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

हसनचाचा श्रीवर्धनकडचे. त्यांचे वडील गावात ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, तेच हात यांना मिळाले. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये, त्यातली वीस याच शेडमधल्या एका टेबलापाशी. गारगोट्या घासणं, नळ्या धुणं, दस्त्यांना तेल देणं. नव्या बंदुकांना यातलं फारसं काही लागतच नाही, आणि हे चाचांना माझ्याआधी कळलं होतं.

ऑगस्टमध्ये दमट वारा सुटला की जुन्या बंदुका रुसायच्या. फिस्सच व्हायचं, पुढे काही नाही. बदर येऊन शेजारी उभा राहायचा आणि एकामागून एक बार काढायचा. अबू फहद तोंड फिरवून चहा पीत बसायचे.

पण एकदा बदरच्या त्या छोट्या टोप्या संपल्या. परदेशातून मागवलेलं पार्सल जुमरूकमध्ये, म्हणजे कस्टममध्ये, अडकलं. आठवडा गेला, महिना गेला. बदर रोज फोन करायचा, "बुक्रा," म्हणायचे. उद्या!

आता चहा प्यायची पाळी बदरची होती. अबू फहदांची गारगोटी नेमकी त्याच्यासमोर तुटली. चाचा शेडच्या मागे वाळवंटात गेले, खाली बघत दहा मिनिटं फिरले, एक काळपट दगड उचलून आणला, टिचक्या मारून घडवला, बसवला. फिस्स. धडाम!

मी दोनदा दचकले.

अबू फहद वाळवंटाकडे हात करून पुतण्याला म्हणाले, "माझं दुकान शुक्रवारच्या सुट्टीलाही उघडं असतं."

*

एकदा अबू फहद मोबाइलवर बोलता बोलता बंदूक भरत होते. मुलीचं लग्न ठरत होतं, हॉल कुठला यावर वाद. गोळी ठासली, नेम धरला, चाप ओढला. फिस्स. आणि शांतता. पुन्हा. पुन्हा फिस्स. बारूद घालायचीच राहिली होती!

अशी अडकलेली गोळी काढायला चाचांकडे स्क्रूचं टोक असलेला गज होता. त्यांनी ती काढली आणि एक शब्द बोलले नाहीत. पाहुणे मात्र खूप बोलले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आज बारूद विसरले, उद्या गज नळीतच विसरले तर? नळी फाटली तर? सकाळी मी चार प्रश्न टाइप केले आणि शेडमध्ये चिकटवले. बारूद? चिंधी? गोळी? गज बाहेर? आणि प्रत्येक बाराआधी ते मोठ्याने विचारायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. मला राहवत नव्हतं!

अबू फहद प्रत्येक प्रश्नाला शाळेतल्या मुलासारखं "जी" म्हणायचे.

बदर वैतागायचा. "मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आणि ही मला काठीबद्दल विचारते!"

*

ही सवय घरी आली. दादा ऑफिसला निघाला की मी दारात.

"चावी? सिव्हिल आयडी? डबा? गॅस बंद?"

"अगं, गॅसचा प्रश्न मला का विचारतेस? मी रिफायनरीत जातोय!"

"म्हणूनच विचारते!"

*

आता शेवटचा.

अबू फहदांचे गुडघे गेले आणि क्लबाचा कारभार बदरकडे आला. बदर वाईट नव्हता, पण त्याचा हिशोब सरळ होता. सगळ्या बंदुका नव्या घ्यायच्या, चाचांच्या टेबलाच्या जागी कॉफीचं मशीन. चाचांचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता, तो पुढे वाढवायचा नाही. चाचांच्या धाकट्या मुलीचं डी.एड.चं शेवटचं वर्ष होतं. चाचा म्हणाले, "गावाला जाईन की. समुद्र तिथंही हाय." आणि डब्यातल्या गारगोट्या उगाच हलवत बसले.

अबू फहदांना हे सहन झालं नाही. "मॅच लावू," ते म्हणाले. "दहा दहा बार. तुझी बंदूक तू उडव, माझी हसन उडवेल. तू जिंकलास तर टेबल हलव. जुनी जिंकली किंवा बरोबरी झाली, तर टेबल आणि हसन दोघं इथेच."

बदरने एकच अट घातली. "ही मुलगी मला प्रश्न विचारणार नाही."

फेब्रुवारीतली स्वच्छ दुपार, वारा नाही. दोघं आळीपाळीने उडवत होते. मी प्रत्येक बाराच्या ओळीत नेमबाजाचं नाव आणि गुण लिहीत होते. चाचांना मी हळूच चार प्रश्न विचारायची, ते हळूच "हां गो" म्हणायचे. बदरच्या वेळी मी ओठ दाबून बसायची. नऊ बारांनंतर दोघांचे गुण सारखे! चाचांचा दहावा बार मधल्या काळ्याच्या किंचित बाहेर लागला. नऊ गुण. आता बदरला दहा मिळाले की संपलं.

बदरच्या मित्रांनी गलका केला. बंदूक भरता भरता तो त्यांच्याकडे वळला, काहीतरी बोलला, हसला, आणि बंदूक खांद्याला लावली.

नळीच्या तोंडातून गजाचं टोक चकाकत होतं.

दुर्बिणीतून ते त्याला दिसणार नव्हतं. मित्र मागे होते. मी बाजूला बसले होते, मला दिसलं. माझं तोंड उघडलं आणि मिटलं. हा बार वाया गेला तर टेबल इथेच राहणार होतं. पण नळी फाटली तर?

शेजारी चाचा फडक्याने बंदूक पुसत होते. त्यांचा हात थांबला होता. त्यांनाही दिसलं होतं.

"विचार गो," ते म्हणाले.

"चाचा, पण—"

"विचार. तुझं काम हाय ते."

मी ओरडले. आवाज फाटला, भाषाही विसरले, मराठीतच ओरडले. "गज बाहेर?"

बदरने चिडून बंदूक खाली घेतली. आणि मग त्याने नळीकडे बघितलं. मग गज बाहेर ओढला, सावकाश जमिनीवर ठेवला, पुन्हा नेम धरला.

धडाम. काळ्याच्या मधोमध. दहा!

बदर सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने पेन मागितलं. मला वाटलं, आता माझा राजीनामा लिहून घेतो! त्याने रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, दहाव्या बाराच्या ओळीतलं स्वतःचं नाव खोडलं, त्यावर अरबीत दुसरं लिहिलं, आणि गज उचलून गाडीकडे निघून गेला.

अबू फहदांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग हसनचाचांकडे मोठे डोळे करून म्हणाले, "हसन! दसवाँ तुमने मारा? चश्मेवाली बंदूक से?"

चाचा पुसत होते ते पुसतच राहिले.

"उमर हो गई, अरबाब. लग गया चश्मा."