धूर नसलेली चिमणी

साहेब चिमणीच्या पायथ्याशी उभे राहिले, टोपी काढली आणि मान मागे टाकून वर बघत राहिले. वर निळं आभाळ होतं. धुराची रेघही नव्हती.

"भट्टी चालू असते ना?" साहेबांनी विचारलं.

"रोज, सर," मी म्हणालो. पण त्या चिमणीचा आणि भट्टीचा काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा मी वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या एका बंदरगावात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गटारं, विहिरी, खाटकांची दुकानं आणि धूर, ही माझी खाती. धूर करणारा कारखाना गावात एकच होता, बाबीशेटचा काजूचा. काजूच्या टरफलात जहाल तेल असतं. बी उघड्या कढईत भाजली की ते पेटतं आणि असा धूर सुटतो की डोळ्यांतून पाणी आणि घशातून खोकला थांबत नाही. हा धूर रोज दुपारी शाळेत शिरे. हेडमास्तरांनी जिल्ह्याला अर्ज केला आणि जिल्ह्याने हुकूम धाडला: महिन्याच्या आत पंचवीस फुटी चिमणी बांधा, नाहीतर कारखाना बंद.

कारखान्यात चाळीसेक बायका बी फोडायला बसत. बहुतेकींच्या घरची चूल त्यावर पेटे. म्हणून मी बाबीशेटच्या मागे हात धुऊन लागलो. तो गडी सरळ, पण देवाला विचारल्याशिवाय शिंकणारही नाही. आमच्याकडे कौल लावतात, म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी पंधरा दिवस तापाने पडलो होतो. बरा होऊन गेलो तर चिमणी तयार. चिऱ्यांची, देखणी, वर आंब्याचा डहाळा बांधलेला. फक्त ती कुंपणाच्या कोपऱ्यात होती आणि भट्टी दुसऱ्या टोकाला.

"बाबीशेट, ही काय इथे बांधलीत?"

"भट्टीकडे डावो कौल इलो, सायबानू. तीनदा लावलंय. ह्या कोपऱ्यात पयल्याच खेपेक उजवो."

"अहो, पण धूर हिच्यात जाणार कसा?"

"हुकमात उंची लिवल्यानी हा. धुराचा काय्येक नाय." त्याने घडी घातलेला हुकूम काढून दाखवला. खरंच नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर माणसाला कळेल.

जिल्ह्याचे साहेब चार दिवसांनी तपासणीला येणार होते. चिमणी पाडून पुन्हा बांधायला महिना हवा. मी डोकं धरून पायरीवर बसलो. शेजारी सावित्रीमावशी बी फोडत होती. हाताला राख चोळलेली, बोटं तेलाने काळी. तिचा नवरा मासेमारीला जायचा, आता तो नव्हता. चाळीसजणींत तिचीही चूल होतीच.

"कारखानो बंद होतलो काय, सायबानू?"

"धूर थांबला नाही तर होणार, मावशी."

"धूर कसो थांबतलो? तो गावात येवचो नाय, इतक्याच बगूचा. दुपारी वारो दर्यावरसून येता, तो धूर गावात आणता. सकाळी मतलय वारो आसता, जमनीवरसून दर्यात जाता. माझो घोव मतलयेरच होडी लोटी. सकाळी भाजल्यात तर धूर दर्यात जायत. तुमका दुपारी भाजूक कोणी सांगल्यान?"

पूर्वी भाजणी सकाळीच होत असे. दोन वर्षांपूर्वी मीच लेखी सूचना काढली होती, की भाजणी अकरा ते तीनमध्येच करावी, म्हणजे मला ऑफिसच्या वेळात देखरेख करता येईल. शाळेत धूर मी घातला होता, सही-शिक्क्यानिशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी मी सूचना बदलली: भाजणी नऊच्या आत संपवावी. दुसऱ्या दिवशी धूर होड्यांच्या मागोमाग समुद्रावर गेला आणि शाळेत पाढे ऐकू येऊ लागले.

साहेब आले ते अकराला. टेप लावून चिमणी मोजली, सव्वीस फूट भरली.

"आज किती माल भाजला?"

"तीन पोती," बाबीशेट म्हणाला. भट्टी अजून गरम होती, साहेबांनी हात धरून पाहिला. भट्टीवरून त्यांची नजर चिमणीकडे गेली.

"लांब बांधलीत. सुरक्षिततेसाठी?"

"देवाच्या इच्छेनं, साहेब," बाबीशेट शुद्ध मराठीत म्हणाला.

साहेबांनी शेरा लिहिला: चिमणी नियमाप्रमाणे, धूर आढळला नाही. एकही शब्द खोटा नव्हता.

पुढच्याच महिन्यात जिल्ह्यातून परिपत्रक निघालं, की इतर कारखानदारांनी ही आदर्श चिमणी पाहून तशीच बांधावी. तिघे आले. त्यांनी उंची मोजली, रुंदी मोजली, आणि एकाने विचारलं, "भट्टीपासून किती पावलां?"

"बत्तीस," बाबीशेट म्हणाला. त्यांनी लिहून घेतलं.

तिघांनीही बत्तीस पावलांवर चिमण्या बांधल्या. मी प्रत्येकाकडे गेलो आणि भाजणी नऊच्या आत उरकायला सांगितलं. धुराची तक्रार पुन्हा आली नाही.

फाइलीत चिमणीची उंची आहे, चिऱ्यांची जात आहे, साहेबांचा शेरा आहे. सावित्रीमावशीचं नाव नाही. ते मी लिहायला हवं होतं. पण ते लिहिलं असतं, तर दुपारची वेळ कोणी ठरवली होती तेही लिहावं लागलं असतं.