दसऱ्याची सायकल आणि चिमूटभर राख

देवावर माझी श्रद्धा होती, पण ती आळशी माणसाची श्रद्धा होती हे मला उशिरा कळलं. त्या वर्षांत मी परसवाड्याकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. दसऱ्याला माझी सायकल अशी सजायची की गाव बघत राहायचं. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि चमक यावी म्हणून सगळ्या लोखंडाला खोबरेल तेल. हाताला लागेल तिथे मी फडकं फिरवायचो. ब्रेक मात्र वर्षभर तपासायचो नाही. देवीच्या हवाली केलेल्या सायकलला काय होणार, असा माझा तोरा.

एकदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची, बालाघाटला शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत होती. वयाची मर्यादा संपत आलेली, त्यामुळे ही शेवटचीच संधी. नाहीतर दिवाळीनंतर तिचं लग्न उरकायचं, असं काकांनी ठरवूनच टाकलं होतं. नेमकी सकाळची बस आली नाही. शालूचा चेहरा पाहून मला गलबलून आलं. "आई, आता तूच पोचव," असं देवीला म्हणून मी तिला कॅरिअरवर बसवलं.

घाट लागायच्या आधी चहाची टपरी दिसली. थांबायला म्हणून ब्रेक दाबला, तर सायकल टपरी ओलांडून पुढे गेली. "मास्तर, सांभाळा!" टपरीवाला ओरडला. चपला घासत कशीबशी थांबवली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते उठून आले आणि त्यांनी रिमवरून बोट फिरवलं.

"मास्तर, हे काहून चमकून राह्यलं?"

"काल पूजा केली न बाबा. तेल लावलं."

"देवीच्या दिव्यात टाका न तेल! रिमले लावलं त ब्रेक पकडन का? अन् मागं पोरगी बसवून घाट उतरता?"

"हौ दादा," शालू हळूच म्हणाली, "मघाशीबी नव्हती थांबली."

मी शरमेने सायकल बाबांच्या हाती दिली. उशीर होतोय म्हणून जीव कासावीस, पण बाबांना घाई नव्हती. त्यांनी चुलीतली राख मागून घेतली, दोन्ही रिमा आतून-बाहेरून चोळल्या आणि कोरड्या फडक्याने पुसल्या. ब्रेकचे रबरी गुटके दगडावर घासून खरखरीत केले. हँडल हलवून पाहिलं, चाकं फिरवून पाहिली, पेडलची ढिली पीन ठोकून बसवली. मग स्वतः ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहिली. ती जागची हलली नाही. "आता जा," ते म्हणाले. "पोरीले पोचवा."

घाटातल्या दुसऱ्याच वळणावर लाकडं भरलेली बैलगाडी रस्ता अडवून आडवी उभी होती. शालू किंचाळली. मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि सायकल बैलांच्या शिंगांपासून हातभर अलीकडे थांबली. शालू आधी रडली, मग हसायला लागली. उरलेला घाट आम्ही घंटी वाजवत उतरलो आणि वेळेच्या आधी अर्धा तास पोचलो. शालूने मुलाखत अशी दिली की महिन्याभरात नेमणुकीचा कागद घरी आला. तो मी आधी देवीपुढे ठेवला आणि मग काकांच्या हातात दिला. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीचाही झाला नव्हता!

पेढे घेऊन टपरीवर गेलो. बाबा कटंगीकडचे कोणी होते, त्या एकाच दिवशी तिथे बसले होते, एवढंच टपरीवाल्याला ठाऊक होतं. ते पुन्हा भेटले नाहीत. कोण होते, असा प्रश्न मी देवीला विचारत नाही. मी तिच्यावर भार टाकला होता, तिने राख लावलेले दोन हात पाठवले, आणि त्या हातांनी मला माझं काम शिकवलं. हवाली करणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलं.

आता शालूबाई मास्तरीण आपल्या सायकलवर शाळेत जातात. दसऱ्याला शालू आधी रिमांना राख चोळते, मग ब्रेक दाबून सायकल ढकलते. सायकल जागची हलली नाही, की मगच हार घालते आणि हात जोडते.