एका सीटची गाडी

माझ्या मेव्हण्याने हळदीच्या पिकाच्या पैशातून स्पोर्ट्स मोटरसायकल घेतली आणि वारंगा फाट्याच्या वळणावर सांडलेल्या वाळूवरून ती आडवी केली. त्याचा पाय मोडला. गाडीचं पुढचं चाक, टाकी, हँडल सगळ्याचा चेंदामेंदा झाला. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. सासऱ्यांनी दवाखान्यातूनच जाहीर केलं, "ते धूड माझ्या नजरंला पडलं न्हाई पायजे."

मी वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वळणावर वाहन बाहेर का फेकलं जातं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून सांगत आलोय. मेव्हणा माझाच विद्यार्थी. त्या धड्यात त्याला चांगले मार्क होते.

भंगारवाला यायच्या आत ते धूड मी कुरुंद्याला आमच्या घरी आणलं. मोबाईलवर मी काही दिवसांपासून परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघत होतो. ते घरामागच्या शेडमध्ये लोखंडी पाइप जोडतात, त्यात मोटरसायकलचं इंजिन बसवतात आणि एकट्याने बसून मोकळ्या ट्रॅकवर पळवायची बुटकी रेसगाडी तयार करतात. त्यांच्या भिंतीवर नट पिळायचे पाने ओळीने टांगलेले असतात. माझ्या शेडमध्ये फवारणीचा पंप, हळद शिजवायची कढई आणि आईच्या गोवऱ्या होत्या. पण इंजिन होतं, आणि भौतिकशास्त्र तर माझं स्वतःचंच होतं.

बायको उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. संध्याकाळी ती ड्युटीवरून आली तेव्हा मी तिला कागदावरचं चित्र दाखवलं.

"किती जण बसतील ह्यात?" तिने विचारलं.

"एकच."

"म्हंजे तुमी."

"हो."

"बरं," ती म्हणाली. आत जाता जाता वळून म्हणाली, "इंजिन माझ्या भावाचं हाय, एवढं ध्यानात ठेवा."

सांगाड्यासाठी मी आमच्या गावच्या फाट्यावरच्या वेल्डरला गाठलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लोखंडी गेट बनवण्यात अख्ख्या तालुक्यात आपणच पहिले, असं तो स्वतःच सांगायचा. पाइप हातात घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"सर, एवढ्याशा पायपावर गाडी? वाकंल की."

"हलकी पाहिजे. हलकी असली तरच पळते."

"पळू द्या ना. पण मजबूत पायजे. माझी ट्रॉली पलटी झाली तवा ट्रॅक्टर मोडला, ट्रॉलीला काय बी झालं न्हाई."

मी तासाला गेलो की तो गुपचूप एक जाड लोखंडी अँगल जोडायचा. परत आलो की मी तो कापायला लावायचो. तो दुखावल्यासारखा ग्राइंडर उचलायचा. एकदा येऊन पाहतो तर गाडीच्या नाकाडावर नाचरा मोर.

"हे काय?"

"मोर हाय सर. गेटाला लावतो त्यो. तुमाला फुकट."

शेवटी तडजोड झाली. मोर राहिला, अँगल गेले.

मग एक दिवस त्याने गियरच्या दांड्याकडे बघत विचारलं, "रिव्हर्स कुठं हाय?"

"मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो."

"मंग मागं कशी घ्यायची?"

"ढकलायची."

तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. "एवढं शिकून ढकलायचीच गाडी केली व्हय, सर?"

सीट मी मापाने बनवून घेतली. विटांवर पाय पसरून बसलो आणि बायकोने तिच्या कामाच्या टेपने माझी कंबर मोजली. दोन्ही बाजूंचे पाइप मी कमरेला अगदी भिडवून जोडायला लावले. वळणावर शरीर इकडंतिकडं हलता कामा नये, हे मी तिला आकृती काढून पटवलं. "थोडी जागा ठेवा," एवढंच ती म्हणाली. मी ठेवली नाही.

गाडी पुरी व्हायला फार वेळ गेला. पेपर तपासणी झाली, निवडणुकीचं काम आलं, मग शिक्षकांना जे जे मोजायला लावतात ते सगळं मोजून झालं. मधल्या काळात संध्याकाळी वेल्डरच्या दुकानाबाहेर बसून भजी खात गाडीच्या वजनावर चर्चा करायची आम्हाला सवय लागली. गाडीचं एक किलो कमी केल्याचा आनंद आम्ही भज्यांनीच साजरा करायचो.

गावाला गाडीचं वाईट वाटत नव्हतं, सीटचं वाटत होतं. आमच्याकडे मोटरसायकलवर तिघं बसतात आणि तरी चौथ्याला "ये, बस" म्हणतात. तिथे एवढं लोखंड घालून एकट्यासाठी गाडी करणारा माणूस माणूसघाणाच असला पाहिजे, असं ठरलं. आईने विचारलं, "लेकरं कुठं बसतील?"

"आई, ही रेसची गाडी हाय."

"रेसमदी लेकरं न्हाई नेत व्हय?"

शेजारच्या बागायतदाराने मागे फवारणीचा पंप जोडता येईल का, याची चौकशी केली. आमच्या वस्तीतल्या पोरांना गाडी जयंतीच्या मिरवणुकीत पाहिजे होती. हळू चालवली तर इंजिन तापून बंद पडेल, असं मी सांगितलं. "बंदच ठेवा ना सर," ते म्हणाले, "आमी ढकलतो. तुमी फक्त निळा फेटा बांधून आत बसा."

गाडीला नंबर नव्हता, म्हणून रस्त्यावर न्यायची नव्हती, आणि जिल्ह्यात ट्रॅक नाही. होतं ते हेलिपॅड. एका मोठ्या नेत्याच्या सभेसाठी गायरानावर काँक्रीट ओतून ते केलं होतं आणि भोवतीचं मैदान मुरूम टाकून, रोलर फिरवून गुळगुळीत केलं होतं. विकास त्या दिवशी वरून आला, आमच्या टोप्या उडवल्या आणि परत गेला. तेव्हापासून लोक तिथे हळद वाळवतात.

मैदानाचा ताबा गावातल्या एका माजी जिल्हा परिषद सदस्याकडे असल्यासारखा होता. त्याने परवानगी लगेच दिली, फक्त उद्घाटन त्याच्या हस्ते पाहिजे होतं. आठवड्याभरात फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर नेत्यांचे चेहरे होते, त्यांच्या मुलांचे होते, वाढदिवस असलेल्या एका तिऱ्हाइताचाही होता. गाडी इंटरनेटवरून उचललेली, लाल, विदेशी. खाली कोपऱ्यात माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो.

त्या रविवारी वेगासाठी बनवलेली आमची गाडी हळदीच्या ट्रॉलीत चढवून मैदानाकडे निघाली. बाजूला आई बसली होती, एका हाताने मोराला धरून. वाटेत सायकलवरचा दूधवाला आम्हाला ओलांडून पुढे गेला.

मैदानावर गाव लोटलं होतं. हळदवाल्यांनी अर्धी जागा मोकळी करून दिली होती. सासरेही आले होते. मंडपात पाठ फिरवून बसले. माजी सदस्याने नारळ फोडला आणि माइक हातात घेऊन मराठवाड्यावर झालेल्या अन्यायाला सुरुवात केली. तो निजामापासून निघाला होता, त्यामुळे मला वेळ होता. मी हेल्मेट घातलं, पाय आत टाकले आणि खाली बसलो.

बसलो नाही. कंबर वरच अडकली.

मी मोबाईल काढला, पट्टा काढला, श्वास सोडला. वेल्डरने खांद्यावर दाब देऊन पाहिला. "दम खा सर, बसून राहिलं," तो म्हणाला, पण काही बसत नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "तेल लावा!" माइकवरून आवाज आला, "आपले सर थोड्याच वेळात बसतील, कुणी जाऊ नये." मी हातावर भार देऊन बाहेर यायला लागलो, तर तेही होईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून मला उपसलं. गाव टाळ्या वाजवत होतं. मला वाटलं, मुरूम दुभंगावा.

तेवढ्यात बायको आली. तिने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं.

"सरका."

"तुला येते का ही?"

"पावसाळ्यात लसीचा डबा घेऊन पांदणीच्या चिखलातनं स्कूटी नेते मी. गियर कसा टाकायचा तेवढं सांगा."

ओढणी कमरेला घट्ट बांधून ती आत बसली. सीट जणू तिच्याच मापाची होती. मी गियर सांगितले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. मेव्हणा लंगडत पुढे आला. "ताई, क्लच एकदम नको सोडू!" पुढच्या खेपेला इंजिन असं किंचाळलं की माइकवरचा अन्याय ऐकू येईनासा झाला, आणि गाडी सुटली.

पहिलं वळण तिने माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी जोरात घेतलं. मागची चाकं घसरली, मुरमाचा पडदा उठला, मी मैदानात धावलो. पडद्यातून मोर बाहेर आला, त्यामागे ती. माझी भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं तो निव्वळ मत्सर होता. सासरे एव्हाना उठून उभे होते.

"कोण हाय त्यात?"

"तुमची पोरगी," आई म्हणाली.

"हळू न्हाई चालवता येत का तिला?" सासऱ्यांनी विचारलं. गाडी पुन्हा समोरून गेली तशी त्यांची मान तिच्याबरोबर फिरली. "तरी बराबर चालवून राहिली," ते स्वतःशीच म्हणाले.

शेवटी ती गरकन फिरून थेट मंडपाकडे तोंड करून थांबली. माजी सदस्य खुर्चीच्या मागे गेला होता. रिव्हर्स नसल्यामुळे वेल्डर आणि मी गाडी मागे ढकलली. ढकलताना तो हसला नाही, ही त्याची मेहेरबानी.

दुसऱ्या आठवड्यात नवा फ्लेक्स लागला: महिला सक्षमीकरण. चेहरे तेच, गाडी तीच लाल. माझ्या जागी बायकोचा फोटो होता. उपकेंद्रात तिला डॉक्टरसाहेबांनी विचारलं म्हणे, "सिस्टर, हे काय नवीन?" ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशीचं हाय."

मी वेल्डरला सीट रुंद करायला सांगितली. तो तयार होता. मोठं करणं त्याला नेहमीच आवडतं. बायकोने ग्राइंडरची पिन बोर्डातून काढून ठेवली. "मला बसते ना बराबर," ती म्हणाली, "तकलीफ कोणाला हाय?" मी भजी कमी केली. अजून तरी फरक नाही.

आता ज्या रविवारी मैदानावर हळद नसते, त्या दिवशी आम्ही जातो. सकाळभर मी गाडीखाली पडून साखळी ताणतो, ब्रेक बघतो. ती येऊन टायरला लाथ मारते आणि बसते. उन्हं उतरेपर्यंत ती फिरत असते. मी कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा राहतो. परवा ती माझ्याजवळ थांबली, हेल्मेटची काच वर केली, तोंड लाल झालेलं. मी बाटली पुढे केली.

"थांबा, अजून एक चक्कर," ती म्हणाली, काच खाली केली आणि गेली.