पाटीची मागची बाजू

लिफ्ट दुरुस्त करणारा धाकटा भाऊ माथेफिरूंच्या नादी लागलाय, ही काळजी ताईची पाठ सोडेना. तो टाळेबंदीविरुद्धच्या मोर्चांत जाऊ लागल्यापासून तिने अबोला धरला होता. तरी तिच्या लेकाचा श्वास अडकला, तेव्हा तोच मास्क लावून आला आणि बंद लिफ्ट चालू करून ऑक्सिजनचा सिलिंडर सातव्या मजल्यावर पोचवून गेला.

आज शेजारीण सांगत आली, "अगं, मोर्चात कुणीतरी 'डॉक्टरांची घरं जाळा' म्हणून ओरडलं. तशी तुझ्या भावाने 'आम्हाला कोंडू नका'ची पाटी उलटी धरली आणि सरळ मोर्चातून बाहेर पडला. मागे काय, तर 'लिफ्ट बंद आहे'! कामाचीच पाटी नेली होती बाबाने!"

हसता हसता ताईचे डोळे भरले. टाळेबंदीवरून भांडण होतं तिथेच होतं, पण आत लेक शिट्टी वाजवत होता. भावाला आपणच फोन करायचा, तिने ठरवलं.