गव्हाणीतले चरे

स्टेनलेस स्टीलवरचा चरा काढायचा तर आधी पत्र्याची रेघ ओळखावी लागते. कारखान्यातून पत्रा ज्या दिशेनं घासून येतो, त्या दिशेच्या केसासारख्या बारीक रेघा त्याच्या अंगावर असतात. दिवा तिरका धरला की त्या दिसतात. लाकडाच्या ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळायचा, त्यावर थोडं गोडं तेल सोडायचं आणि त्या रेघांच्याच बाजूनं लांब लांब हात मारायचा. गोल घासलं की पत्रा गेला. एका चऱ्याच्या जागी शंभर उठतात. हे काम मला फार चांगलं येतं. लोक कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलतो.

पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या खात्यात होतो. कुठे डाग आहे, कुठे ओरखडा आहे, हे शोधण्याचाच मला पगार मिळे. राहायला क्वार्टर मिळाली तेव्हा आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, वांगणीची शेती चुलत्यांकडे सोपवून माझ्याकडे राहायला आले. माझं लग्न व्हायचं होतं. तीन माणसांचं सगळं आईच करी.

क्वार्टरच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात मोरी होती. आई तिथं दोन पायांवर बसून भांडी घासायची. चुलीतली राख, विटकरीचा चुरा आणि नारळाची शेंडी. डाव्या हातानं ताटाची कड धरायची, उजवा हात गोल फिरत राहायचा, आणि शेवटी ताट मोरीच्या कडेवर दोनदा आपटून राख झाडायची. मग उठायची वेळ आली की भिंतीला हात लावून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, अर्धी उठून तशीच थांबायची. तिचे गुडघे गेले होते. आम्ही दोघं पुरुष तेव्हा बाहेरच्या खोलीत असायचो. आबा सुपारी कातरायचे, मी पेपर वाचायचो.

कारखान्यात एका टाकीचं झाकण भंगारात निघालं. स्टेनलेस स्टीलचा जाड, सुंदर पत्रा. तो मी रीतसर विकत घेतला आणि सायकलला बांधून उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात नेला. तिथं बराकीच्या एका खोलीत एका सिंधी गृहस्थानं पत्र्याचं काम सुरू केलं होतं. फाळणीत घरदार तिकडे टाकून आलेला माणूस, पण तोंड सारखं चालू. मी कागदावर सिंकचं चित्र काढून दाखवलं.

"किसके वास्ते, साईं? बीवी?"

"माँ के वास्ते. उससे नीचे बैठा नहीं जाता."

"अच्छा है. मेरी माँ को देगा तो वो इसमें पापड़ सुखाएगी," असं म्हणून तो मोठ्यानं हसला आणि पत्रा हातोडीनं वाजवून बघू लागला.

सिंक तयार झालं ते मी घरी आणलं. पोत्यातून काढून स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं. आईनं पदराला हात पुसले आणि एका बोटानं त्याची कड चाचपली. आबा आत आले. त्यांनी सिंकभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं.

"ही गव्हान कशाला आनलीस? बैल कुठं हायेत?"

"आईला उभ्यानं भांडी घासता येतील, आबा."

"उभ्यानं? घोडी हाय का ती? आमच्या घरात बाया बसून भांडी घासतात. उभ्यानं खरकटं काढायचं, पानी अंगावर उडवायचं, ही कसली रीत?"

"तिचे गुडघे बघा."

"गुडघे सगळ्यांचेच दुखतात. माजे न्हाई दुखत?"

मी आईकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे रे, मला सवय हाय," ती म्हणाली, आणि पोतं पुन्हा सिंकवर तिनंच ओढलं. त्यानंतर ते सिंक कॉटखाली गेलं. क्वार्टर माझ्या नावावर होती, पगार माझा होता, ओट्यासाठी विटा मागच्या अंगणात पडलेल्या होत्या. एका रविवारचं काम होतं. मी ते केलं नाही. आबांशी बोलणं तेवढं बंद केलं. जेवायला या, दार लावून घ्या, एवढंही मी आईला सांगून आईकडून त्यांना कळवायचो. आबांनीही तेच केलं. आई आम्हा दोघांच्यामध्ये निरोप आणि भांडी दोन्ही वाहत होती.

पुढच्या थंडीत ती छातीतल्या कफानं गेली. त्याचा मोरीशी संबंध नव्हता असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ओल्या फरशीवर पहाटे बसलेली ती मला दिसत राहते. बारावं झाल्यावर पहिल्या रविवारी मी कॉटखालून सिंक काढलं. विटांचा ओटा बांधला, नळाखाली सिंक बसवलं, पाण्याला मोरीत वाट काढून दिली. आबा दारात उभे होते. मी त्यांना ऐकू जाईल असं भिंतीला म्हणालो, "आता कुणाची रीत मोडणार नाही. घासणारी गेली."

ते वळून बाहेरच्या खोलीत गेले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

वर्षाच्या आत माझं लग्न उरकलं. बायको बदलापूरची, बोलायला रोखठोक. तिनं सिंक पाहिलं आणि पहिल्याच दिवशी पदर खोचला. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं, आणि मीही काही सांगितलं नाही.

तिला घरात येऊन फार दिवस झाले नसतील. आबा जेवून उठले आणि स्वतःचं ताट घेऊन सिंकशी गेले. ती धावली.

"मामंजी, ठेवा ना. मी घासते."

"ऱ्हाऊ दे. माजं मी घासतो."

"लोक काय म्हणतील मला?"

"लोकांना काय सांगतेस? माजं ताट हाय."

त्यांनी चुलीतली राख घेतली. विटकर कुटून तिचा चुरा एका करवंटीत भरून ठेवलेला होता, तो कधी केला ते आम्हाला कळलंही नव्हतं. नारळाची शेंडी घेतली आणि उभ्यानं, थोडं वाकून, ताट गोल गोल घासू लागले. त्यांच्या पितळी ताटाला विटकर चालते. पण ताट झाल्यावर त्यांनी त्याच हातानं सिंकही घासलं, मोरी घासतात तसं, चारही कोपरे, गोल गोल. आणि शेवटी ताट सिंकच्या कडेवर दोनदा आपटलं.

ते दोन ठोके ऐकून मी बाहेरच्या खोलीतून उठलो. ते कुणाचे ठोके आहेत हे मला लगेच कळलं. त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं. आई होती तेव्हा हे हात कुठे होते? ती भिंत धरून अर्धवट उठायची तेव्हा हा माणूस दहा पावलांवर सुपारी कातरत होता. आता त्याला ताट घासायचं आठवलं?

संध्याकाळी मी दिवा तिरका धरून पाहिलं. सिंकच्या तळाला नुसती जाळी उठली होती.

रविवारी मी कारखान्यातून आणलेला पॉलिश पेपर काढला आणि घासायला बसलो. बसलो म्हणजे उभाच राहिलो. मुद्दाम आबा घरात असताना. सगळी दुपार लागली. शेवटी तेलाचा बोळा फिरवला तेव्हा तळात माझं तोंड दिसलं. सोमवारी आबांनी पुन्हा घासलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा काढलं. असं कित्येक महिने चाललं. एक शब्दही न बोलता आम्ही दोघं त्या पत्र्यावर भांडत होतो. ते चरे पाडत, मी पुसून टाकी. त्यांना वाटत असेल मी सिंक जपतो आहे. मी सिंक जपत नव्हतो. त्यांनी केलेलं काहीही त्या घरात शिल्लक राहू द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

एका रविवारी बायको ओट्याशी येऊन उभी राहिली.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"सिंक इतकं घासता. स्वतःचं ताट कधी घासलंय?"

"मी चरे काढतोय."

"तेच म्हणते. मामंजी चरे पाडतात, पण त्यांचं ताट स्वच्छ असतं. तुमचं माझ्याकडे येतं. तुमच्या आई होत्या तेव्हा कुणाकडे जायचं?"

मी हातातला ठोकळा आपटला. माझ्या आईचं नाव काढायचं नाही असं तिला ओरडलो. ती गेली आणि शेगडीवरची आमटी ढवळू लागली, माझ्याकडे पाठ करून.

तो राग माझ्या अंगात तसाच होता. रात्रीची जेवणं झाली. आबा ताट घेऊन उठले, सिंकशी गेले, करवंटीत हात घातला. सिंक मी दुपारीच आरशासारखं केलं होतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. किती दिवसांनी मी त्यांच्याशी थेट बोलत होतो.

"आबा, ही काय आहे म्हणाला होतात तुम्ही?"

मान वर न करता त्यांनी शेंडीचा एक हात सिंकच्या तळाला फिरवला.

"गव्हाण म्हणाला होतात ना? मग गव्हाणीशी कोण उभं राहतं? बैल उभा राहतो."

शेंडी त्यांच्या हातात होती. तिच्यातून राखेचं पाणी गळत होतं. त्यांनी ती शेंडी ओट्यावर ठेवली, ताट तसंच खरकटं, राख लागलेलं सिंकमध्ये सोडलं, धोतराला हात पुसले आणि बाहेर गेले. बायको दारात उभी होती. पुढे होऊन तिनं ते ताट धुतलं. फार सावकाश.

सकाळी आबा वांगणीला निघाले. बायकोनं खूप विनवलं. "शेताकडं बघाया पायजे," एवढंच ते म्हणाले. ताट त्यांनी पिशवीत घातलं होतं, करवंटीही.

आदल्या रात्री त्यांचा हात एकदाच फिरला होता, तेवढा अर्धा गोल सिंकच्या तळाला उठला होता. पुढच्या रविवारी मी तोही काढला. बायको म्हणाली, "तो तरी राहू द्या." मी ऐकलं नाही. इतका सफाईनं काढला की तो कुठे होता हे मलाच नंतर सापडेना. पुढे कितीदा तरी मी दिवा तिरका धरून तो शोधला आहे.

काही महिन्यांनी बायकोनं मला वांगणीला धाडलं. "त्यांना घेऊन या. एकटे आलात तर तुम्हीच भांडी घासायची," असं तिनं बजावलं होतं. मी मनाशी ठरवून गेलो होतो. माफी मागायची, चला म्हणायचं.

आबा अंगणात दगडावर, दोन पायांवर बसून भांडी घासत होते. मला पाहून उठले नाहीत. उठायला त्यांना भिंतच नव्हती.

"चा घेशील?" त्यांनी विचारलं, आणि दगडाला हात टेकून अर्धे उठले, तसेच थांबले, मग उठले. कोरा चहा कान तुटलेल्या कपातून माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा दगडावर बसले.

"गव्हान चकचकीत हाय ना?"

"हो."

"चरा न्हाई?"

"एकही नाही."

"मंग झालं तर."

चला, हा शब्द माझ्या तोंडात होता. पण त्यांच्या आवाजातल्या त्या टोचणीनं माझा जुना राग पुन्हा वर आला. आईचे गुडघे आठवले. त्यांचे दिसत होते तरी आईचेच आठवले. मी चहा प्यालो. गाडीची वेळ झाली म्हणालो. कप होता तिथंच, तळाशी चहाची पूड राहिलेला, जमिनीवर ठेवला आणि निघालो.

कुंपणापाशी पोचलो तेव्हा मागे दोन ठोके ऐकू आले. वळून पाहिलं. ताट त्यांनी बाजूला ठेवलं होतं आणि हात लांब करून ते माझा कप राखेत ओढत होते.